पेन्सिलीने लिहिलेले दहा मैल

पणजोबांच्या ट्रंकेत पदकाच्या डबीखाली एक कात्रण सापडलं. मराठी वर्तमानपत्राचं, नावाची बाजू फाटलेली. त्यावर आजच्या इराकमधल्या कुट-एल-अमाराचा नकाशा: तैग्रिस नदीच्या नालासारख्या वळणात बसलेलं गाव. पणजोबा 117व्या मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या पुणे डिव्हिजनबरोबर 7 डिसेंबर 1915 पासून तेही इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकले होते.

कात्रणावर तारीख नाही. मागच्या बाजूला पाडव्यासाठी आलेल्या लुगड्यांची जाहिरात. नकाशात कुटजवळची दुजैलाची लढाई दाखवली आहे, म्हणजे 8 मार्च 1916 उलटून गेला होता. वेढा फोडायला निघालेली ब्रिटिश फौज मात्र अजून कुटच्या वाटेवरच्या हन्नापाशीच. हन्नाची तुर्की ठाणी 5 एप्रिलला हाती आली. म्हणजे कात्रण या दोन तारखांच्या मधलं, आणि पाडवाही तेव्हाच.

नकाशा मूळचा कुणाचा, हे शोधण्यात माझी दोन वर्षं गेली. दलदल दाखवायला गवताच्या झुबक्यांच्या ओळी काढल्या आहेत. भिंगातून पाहिलं, तर 'दलदल' या शब्दाभोवती त्या ओळी चौकोनात तुटलेल्या दिसतात. तिथलं इंग्रजी नाव झाकून मराठी चिठ्ठी डकवली आणि मग छपाईचा ब्लॉक केला. मुंबईच्या एका ग्रंथालयात लंडनच्या एका साप्ताहिकाचे बांधीव अंक चाळताना तोच नकाशा समोर आला. वरून तिसऱ्या ओळीत एक झुबका उलटा पडलाय, दोन्हीकडे. नदी बरोबर कुणीही काढेल. तीच चूक दोघांकडे असली की नातं पक्कं.

साप्ताहिकात नकाशा पानभर आहे आणि खाली शब्दांत लिहिलंय, एका इंचाला चार मैल. आपल्याकडे दोन कॉलमांत बसवायला तो निम्मा केला, पण ते वाक्य तसंच मराठीत उतरवलं. छापला तेव्हा एका इंचात आठ मैल मावत होते.

हन्नापासून कुटपर्यंत पेन्सिलीची फिकट रेघ आहे, शेजारी मोडीत '10 मैल'. अक्षर पणजोबांच्या वडिलांचं. घरातल्या हिशेबाच्या वहीत तेच वळण आहे. खरं अंतर जवळपास दुप्पट होतं. फौज दहा मैलांवर आली, असं त्यांनी पणजीला सांगितलं असणार.

29 एप्रिलला कुट पडलं. पणजोबा परत आले नाहीत, पदक तेवढं आलं.

मी त्या रेघेवर पट्टी ठेवून पाहिली. बरोबर अडीच इंच. त्यांनी नीट मोजलं होतं.