वायफाय सारखं तुटतंय? आधी दिवे बघा

वायफाय गेलं की पहिला हात राउटरच्या स्विचकडे जातो. तेवढं टाळा, कारण बंद-चालू केलं की पुरावाच पुसला जातो.

तुटलं त्या क्षणी दिवे बघा. लॉसचा (LOS लिहिलेला) दिवा लाल असेल तर फायबरचा दोष. कंपनीला फोन करा. सगळे दिवे विझून पुन्हा एकेक लागत असतील तर राउटर स्वतःच रीस्टार्ट होतोय, आणि आपल्या खान्देशात उन्हाळ्यात पहिला संशय यावरच घ्यावा. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. त्यात राउटर सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला, वरून क्रोशाचा रुमाल! रुमाल काढा, राउटर भिंतीवर मोकळ्या हवेत लावा.

तरीही रीस्टार्ट होत असेल तर अडॅप्टर बदला. उष्णतेने त्यातले कपॅसिटर कमजोर होतात आणि लोड आला की व्होल्टेज पडतं. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. मिनी यूपीएसलाही हाच नियम: राउटरला १२ व्होल्ट २ अँपिअर लागत असताना १ अँपिअरचा यूपीएस लावला, तर लाइट गेली की राउटरही मान टाकू शकतो.

दिवे ठीक आणि एकटा मोबाइलच सुटतोय? मग प्रश्न सिग्नलचा. राउटर बहुधा दोन बँडवर, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर, सिग्नल देतो. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झ जेमतेम पोचतं, मध्ये पत्र्याची कोठी असली तर आणखी वाईट. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि आतल्या खोलीत २.४ वापरा. त्यात चॅनेल (बँडमधली मार्गिका) १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. 'ऑटो'वर माझा फारसा भरवसा नाही. ५ मध्ये ३६ ते ४८ बरे. ५२ ते १४४ मधल्या बहुतेक चॅनेलवर रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो, आणि सगळी उपकरणं एकदम सुटतात.

स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेरे बहुधा फक्त २.४ आणि डब्ल्यूपीए२ (वायफायच्या पासवर्ड-सुरक्षेचा जुना प्रकार) ओळखतात. राउटरमध्ये नुसतं नवं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर ते जोडलेच जात नाहीत.

जुना राउटर मागच्या खोलीत लावला असेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता १९२.१६८.१.२ असा मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल वॅनमध्ये (इंटरनेट आत घेणाऱ्या पोर्टमध्ये) नव्हे, लॅन पोर्टमध्ये खोचा.