नाल्याच्या पाण्यातून निघालेली वही

भिजलेल्या पुस्तकावर बुरशी दिसायला साधारण ४८ तास लागतात. ऑगस्टमधल्या खान्देशी उकाड्यात त्याहून कमी. चोपडा तालुक्यातल्या त्या गावाहून फोन आला, तेव्हा त्यातले बरेच तास उलटून गेले होते. सातपुड्याकडून येणारा नाला रात्रीतून फुगला, सार्वजनिक वाचनालयात मांडीइतकं पाणी चढलं आणि ओसरताना सगळीकडे बोटभर गाळ ठेवून गेलं. रॅकचे खालचे दोन कप्पे बुडाले होते. पुस्तकं दुरुस्त करणं हा माझा धंदा. सोबत यायला तयार झाले ते जळगावच्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातली मुलंमुली आणि पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू.

निघण्यापूर्वीच एक वाद झाला. संघातल्या एकाने ‘सप्रेम भेट’ असा मंडळीच्या नावाचा रबरी शिक्का आणि वाटायला पत्रकांचा गठ्ठा घेतला होता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पुस्तकात एक पत्रक घालू, असा त्याचा बेत. पाळकसाहेबांनी दोन्ही गाडीतून उतरवलं. माझंही मत तेच. वाचनालय गावाचं आहे, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली नोंदलेलं, सरकारी अनुदानावर चालणारं. तिथल्या पुस्तकात आपला कागद घुसवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात दुरुस्तीला जाऊन भिंतीवर आपलं नाव लिहून येणं. शिवाय मदतीच्या आत गळ लपवला की मदतही खोटी ठरते आणि श्रद्धेची साक्षही. सांगायचं असेल ते कुणी विचारलं तर उघड सांगावं.

गावात पोचलो तेव्हा वाचनालयाचे अध्यक्ष आबा पायरीवर बसलेले होते. वायरमनने मेन स्विच काढलेला होता, ते बरं झालं. ओल्या भिंतींच्या खोलीत कुणी आधी दिवा लावायला जातो आणि झटका खातो. आबांनी पहिला प्रश्न विचारला, “कितला पैसा लागतीन, भाऊ?” काहीच नाही म्हटल्यावर दुसरा, “आनि बदलामा काय जोयजे तुमले?”

हा दुसरा प्रश्न खान्देशात ख्रिस्ती माणसाला कुठेही विचारला जातो, कधी तोंडावर, कधी पाठीमागे. त्याला रागावून उपयोग नाही. पाळकसाहेब म्हणाले, “आबा, तीन गोष्टी लागतील. तुमच्या कमिटीचा एक माणूस कायम आमच्यासोबत. कुठलं पुस्तक आधी वाचवायचं ते तुम्ही ठरवायचं. आणि बाहेर जाणारं प्रत्येक पुस्तक तुमच्या वहीत लिहून, तुमच्या सहीने जाईल, तसंच परत येईल.” आबांनी ग्रंथपालबाईंना हाक मारली. काम सुरू करताना कुणीतरी नारळ आणला आणि मान म्हणून पाळकसाहेबांपुढे धरला. त्यांनी हात जोडून सांगितलं, “हा मान आबांचा. आमच्या श्रद्धेत नारळ वाढवत नाहीत, पण मी तुमच्या शेजारी उभा राहतो.” आबांनी नारळ फोडला. कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. कारण न सांगता मागे सरकले असते तर वाटलं असतं.

आता काम. गच्च भरलेल्या रॅकमधली पुस्तकं फुगून एकमेकांत रुतून बसतात. लोखंडी रॅकच्या बाजूसुद्धा वाकतात. अशा वेळी वरचं टोक धरून पुस्तक ओढलं की पाठीचं कापड हातात येतं. कप्प्याच्या कडेचं पुस्तक आधी सैल करायचं, मग शेजारची दोन आत ढकलून मधलं कमरेला धरून काढायचं. भिजलेलं पुस्तक उघडून बघायचं नाही, हे मुलांना दहादा सांगावं लागलं; ओल्या कागदात ताकद नसते, पान जागच्या जागी फाटतं. गाळ पुसायचाही नाही, तो धाग्यात घुसतो. पुस्तक मिटलेलंच दोन्ही हातांनी दाबून धरायचं आणि स्वच्छ पाण्याच्या टबात हलकेच हलवायचं. चार टब ओळीने. पहिल्यात गाळ सुटतो, शेवटच्यातलं पाणी निर्मळ हवं. शाईने लिहिलेलं काहीही या टबांच्या जवळ न्यायचं नाही.

ग्रंथपालबाई आणि मी मिळून तीन ढीग केले. पहिला, दुसरीकडे कुठेच न मिळणारं: दाखल नोंदवह्या, जुने ठराव, गावात हाताने लिहिलेलं काही. दाखल नोंदवही गेली तर वाचनालयाकडे काय होतं याचाच पुरावा जातो आणि पुढे तपासणीत अडचण येते. दुसरा ढीग आर्ट पेपरचा, म्हणजे चित्रांची बालपुस्तकं आणि दिवाळी अंकांची गुळगुळीत पानं. या कागदावरचा लेप पाण्याने चिकट होतो आणि वाळला की पानांची वीट बनते. मग ती सुटत नाही. म्हणून हा ढीग तसाच वाळत ठेवायचा नाही, ओला असतानाच काही तासांच्या आत गोठवायचा. तिसरा ढीग बाजारात सहज मिळणाऱ्या कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची गाईडं. ती वाचवण्यात वेळ घालवणं हा भावनेचा खर्च, पण ती फेकण्याचा अधिकार आमचा नव्हता. ती बाद करायला कमिटीचा ठराव लागतो. ओट्यावर वेगळी मांडून ठेवली.

गोठवायचं कुठे? गावातल्या केळीच्या एका व्यापाऱ्याने मोठ्या मनाने रायपनिंग चेंबर देऊ केलं. नाही म्हणताना जिवावर आलं, पण घेतलं असतं तर सगळं बुडालं असतं. केळी पिकवायच्या खोलीत तापमान साधारण १४ ते १८ अंश आणि हवेत ओलावा मुद्दाम ८५ ते ९५ टक्के ठेवलेला असतो, सालीला सुरकुती पडू नये म्हणून. कागदाला हवं त्याच्या नेमकं उलट. बुरशी थांबवायला शून्याच्या खाली १८ अंश तरी हवेत. मग त्याच व्यापाऱ्याचे प्लास्टिकचे क्रेट घेतले आणि जळगावला एका आइस्क्रीम वितरकाच्या गोदामात जागा मिळवली. बटर पेपरमध्ये एकेक पुस्तक गुंडाळून, पाठ खाली करून, क्रेटमध्ये एकच थर. वर दुसरा थर रचला की खालची पुस्तकं कायमची वाकडी होतात. गोठवल्याने बुरशी मरत नाही, फक्त झोपते. आपल्याला मिळतो तो वेळ, थोडी थोडी पुस्तकं काढून वाळवायला.

दुपारी पहिल्या ढिगात वही सापडली. फुलस्केप, पुठ्ठ्याची, दौतीच्या निळ्या शाईने लिहिलेली. गावच्या वहीगायनाच्या फडाची. डफावर रात्र रात्र गायच्या कथा, बहुतेक देवीच्या आणि पुराणातल्या, अहिराणीत. वरचा तिसरा हिस्सा भिजून शाई निळ्या ढगासारखी पसरली होती. खाली अक्षरं शाबूत. कमिटीच्या माणसाने सांगितलं, ही एकच प्रत, लिहिणारे वारले, गाणाऱ्यांपैकी एक शाहीर तेवढे गावात आहेत.

संघातल्या एका मुलीने तेव्हा विचारलं, “ही देवीची गाणी. ही आपण वाचवायची?” प्रश्न प्रामाणिक होता आणि तो दडपला नाही हे चांगलं झालं. पुष्कळ मंडळ्यांमध्ये याची दोन तयार उत्तरं असतात. एक, जगातलं सगळं बाटलेलं आहे, हात लावू नका. दुसरं, सगळं सारखंच आहे, विचारता कशाला. पहिल्याने आपण गावाबाहेर राहतो, दुसऱ्याने आपल्याकडे गावाला द्यायला काही उरत नाही.

पाळकसाहेबांनी तिथेच, हाताला गाळ असताना, बायबलमधल्या दानीएलाचं नाव काढलं. बाबेलात, म्हणजे बॅबिलॉनला, कैद करून नेलेल्या त्या यहुदी तरुणाला तिथल्या खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकवली गेली, ती तो शिकला, आणि त्यांच्या पंडितांपेक्षा बरी शिकला. त्याच अध्यायात राजाच्या ताटातलं अन्न मात्र त्याने नाकारलं. शिकणं आणि नमन करणं यातली रेघ त्याला दिसत होती. प्रेषित पौल अथेनैमध्ये, म्हणजे अथेन्सला, तिथल्या लोकांच्याच कवींच्या ओळी तोंडपाठ म्हणतो. त्या त्याने कधीतरी वाचल्या असणार, कुणीतरी जपून ठेवल्या असणार. आणि बाबेलात हद्दपार झालेल्यांना यिर्मया संदेष्ट्याने धाडलेल्या पत्रात म्हटलंय की ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं हित साधा, त्याच्या हितातच तुमचं हित आहे. बाबेल काही यरुशलेम नव्हतं.

मी त्यात आपल्याकडचं एक जोडलं. बालकवी ठोमरे इथून जवळच्या धरणगावचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अहमदनगरच्या घरी ते राहिले, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवले, कविता करत राहिले. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांनी त्यापायी त्यांना दूरही केलं नाही. मराठी कवितेचं त्यात काय भलं झालं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. टिळक स्वतःच्या श्रद्धेबद्दल गप्प बसणारे होते असंही नाही; अभंग आणि ओवीच्या वाटेनेच त्यांनी ख्रिस्त सांगितला. त्यांना दोन्ही जमलं, कारण मराठी त्यांना परकी वस्तू वाटली नाही.

मुलगी म्हणाली, “मग मी करते.”

अशा वहीला पाणी लावायचं नाही, गोठवून नुसतं वितळू द्यायचंही नाही. बर्फ वितळताना शाई पुन्हा धावते. आधी प्रत्येक पान जसं आहे तसं मोबाइलवर टिपायचं, प्रकाश एका बाजूने आडवा धरून; शाई गेली तरी निबाचा दाब कागदावर राहतो आणि आडव्या उजेडात तो वाचता येतो. मग पानांमध्ये टीपकागद. तो घासायचा नाही, फक्त टेकवायचा, आणि ओला झाला की लगेच बदलायचा. टीपकागद संपल्यावर कोरा न्यूजप्रिंट, छापखान्यात रोलचं टोक उरतं तो. छापील वर्तमानपत्र घातलं की त्याची काळी शाई उलटी उमटते, ही चूक जवळपास प्रत्येक वाचनालयात होते. पंखा खोलीत फिरता, पण पुस्तकावर रोखलेला नाही. उन्हात तर मुळीच नाही. पानं लाटांसारखी उठतात आणि जुना कागद पिवळा पडतो.

टीपकागदाने शब्द परत येत नाहीत. जिथे अक्षर पूर्ण विरघळलं होतं तिथे कमिटीच्या माणसाने शाहिरांना बोलावून आणलं. ते ओट्यावर बसले, वही हातात घेतली नाही, डफ मागवला. बसून बोलून दाखवा म्हटलं तर ओळी आठवेनात. ठेका धरला की आठवू लागल्या. मुलगी आणि संघातला आणखी एक मुलगा, तोच शिक्केवाला, ऐकून लिहीत गेले. ‘ना’ की ‘नी’, ‘उना’ की ‘उनी’, हे थांबवून विचारत गेले. त्या मुलाच्या घरी अहिराणीच बोलतात, पण ती त्याने कधी लिहिलेली नव्हती. शाहीर आठवून सांगतील ते निळ्या शाईत, खात्री नसेल तिथे शिसपेन्सिलीने, आणि आठवत नसेल ती ओळ मोकळी. आपल्या मनाने भर घालायची नाही, मग तो शब्द कितीही उघड वाटो. दुरुस्तीचा हा नियमच आहे: जोडलेलं ते जोडलेलं म्हणून दिसलं पाहिजे आणि उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर काढता आलं पाहिजे.

म्हणूनच फाटक्या पानांना चिकटपट्टी नाही आणि बाजारचा पांढरा गोंदही नाही. जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी आणि गव्हाच्या पिष्टाची खळ. एक वाटी पिष्ट, चार ते पाच वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत; थंड झाली की बारीक चाळणीतून गाळायची. जुने बाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत, किडे लागू नयेत म्हणून. किडे लागत नाहीत, पण तांब्यामुळे कागद ठिसूळ होऊन त्या रेषेवरच तुटतो. ही खळ पुढे ओलसर फडक्याने सुटते, कागदाला धक्का न लावता.

निघताना आबांनी वाचनालयाच्या दर्शनी फलकावर आमच्या मंडळीचं नाव लिहू का, असं विचारलं. पाळकसाहेबांनी नको म्हटलं. यावर परतीच्या गाडीत दुसरा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. खजिनदारांचं म्हणणं, चांगलं काम झाकून ठेवणं हाही एक अहंकारच. दिवा मापाखाली ठेवू नये असं प्रभूनेच सांगितलंय. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. माझं म्हणणं इतकंच की फलक गावाचा, त्यावर काय लिहायचं ते गावाने ठरवावं, आम्ही सुचवू नये. गावाने न विचारता लिहिलं असतं तर पुसायलाही आम्ही गेलो नसतो.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे. मंडळीच्या सभागृहात दमटपणा मोजायचं यंत्र टांगलंय. काटा ६० टक्क्यांवर गेला की खिडक्या बंद आणि डिह्युमिडिफायर चालू, त्याची बादली रिकामी करायची पाळी ठरलेली. क्रेटमधून एका वेळी जेवढी टेबलावर मावतील तेवढीच पुस्तकं निघतात. पुस्तक जवळजवळ सुकलं की दोन फळ्यांमध्ये दाबून वर कागदात गुंडाळलेल्या विटा. पूर्ण वाळल्यावर बुरशीचा डाग दिसला तर तो बाहेर अंगणात, एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने. ओली असताना ब्रश फिरवला की ती पानभर सारवली जाते. डांबराच्या गोळ्या कुणी आणून दिल्या होत्या, त्या परत केल्या. त्यांचा बुरशीवर काही उपयोग नाही आणि वास वाचणाऱ्याच्या छातीत जातो.

वहीची सुवाच्य नक्कल झाली आहे. मूळ वही वाचनालयात, एक झेरॉक्स शाहिरांच्या घरी, फोटोंची पेनड्राइव्ह ग्रंथपालबाईंकडे. मंडळीकडे काही ठेवलेलं नाही. मोकळ्या सोडलेल्या ओळींपैकी काही शेजारच्या गावातल्या एका म्हातारीला येत असाव्यात असं शाहीर म्हणाले; मुलगी आणि तो मुलगा कमिटीच्या माणसाबरोबर तिकडे जाणार आहेत, डफ घेऊन. आइस्क्रीमवाल्याला दसऱ्याआधी गोदाम मोकळं हवंय, आणि दिवाळी अंकांचे क्रेट अजून आतच आहेत.