पावसाळा आणि हिरवे स्फटिक: जुलैपर्यंतची प्रगती

घरी वाढवत असलेल्या स्फटिकांचा आधी निकाल सांगते. तांबं-अमोनियाचे गडद निळे स्फटिक पावसाने जवळपास संपवले. पोटॅशियम फेरिऑक्झॅलेटचे, म्हणजे लोखंड आणि ऑक्झॅलेटच्या क्षाराचे, हिरवे मात्र झकास वाढतायत. सगळ्यात मोठा करंगळीच्या नखाएवढा झालाय, कडा धारदार आणि आतून बऱ्यापैकी स्वच्छ.

निळ्यांबद्दल थोडक्यात, कारण ते आपल्यापैकी बहुतेकांनी केलेत. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातला की आधी फिकट निळा साका, आणखी घातला की साका विरघळून ती ओळखीची गडद निळाई. तांब्याभोवतीचे पाण्याचे रेणू हटतात आणि चार अमोनिया त्या जागा घेतात. वरून हलकेच अल्कोहोल सोडलं की स्फटिक येतातही सुंदर. पुढचं दुखणं सगळ्यांचं सारखंच: बाटली उघडली की वास येतो, म्हणजे लिगंड (धातूला चिकटलेला रेणू, इथे अमोनिया) उडून चाललाय, आणि पृष्ठभाग फिकट, भुरकट होत जातो. दमट हवेत तर विचारूच नका. आता उरलेले घट्ट झाकणाच्या बाटलीत, अमोनियात बुडवलेल्या कापसासोबत ठेवलेत. दाखवायला काढायचे आणि लगेच आत टाकायचे.

हिरव्यांकडे वळले ती मुळात या वैतागातून. फेरिक क्लोराईड मुंबईत लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्ड खोदण्यासाठी सहज मिळतं, काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटला. प्रमाण असं: सहा पाण्यांचं (स्फटिकात पाण्याचे सहा रेणू धरलेलं) फेरिक क्लोराईड 5.4 ग्रॅम, एका पाण्याचं पोटॅशियम ऑक्झॅलेट 12 ग्रॅम. हिशेबाने ऑक्झॅलेट 11 ग्रॅम पुरतं, पण ते मुद्दाम थोडं जास्त घेते. फेरिक क्लोराईडला जुलैत डबा उघडताक्षणी पाणी सुटतं, त्यामुळे त्याच्या वजनावर फार विसंबण्यात अर्थ नाही. ऑक्झॅलेट गरम पाण्यात विरघळवून त्यात लोखंडाचं पिवळट-तपकिरी द्रावण ओतलं की डोळ्यादेखत पोपटी होतं. सगळं जमलं तर जास्तीत जास्त 9.8 ग्रॅम हाती लागतं.

या क्षाराची विद्राव्यता आपल्यासाठी वरदान आहे. 100 मिलिलिटर पाण्यात 0 अंशाला जेमतेम 4.7 ग्रॅम, 100 अंशाला 118 ग्रॅमच्या आसपास. म्हणून थंड करणं हीच खरी युक्ती. मासळीबाजारातून बर्फ मागून आणते, थर्माकोलच्या खोक्यात भरते. पहिला माल बारीक सुयांचा येतो, तो गाळून गरम पाण्यात पुन्हा विरघळवायचा. सोबतचं पोटॅशियम क्लोराईड बरंचसं मागे राहतं. मोठा स्फटिक मात्र बर्फात होत नाही. त्यासाठी संपृक्त द्रावणात बीजस्फटिक दोऱ्याने सोडून वर गाळणकागद, आणि वाट बघायची. इथे पावसाळा कामाला आला! हवेत इतकी ओल की पाणी उडतं अगदी सावकाश, आणि सावकाश वाढलेल्या स्फटिकात दुधी डाग कमी.

हा हिरवा क्षार इतका टिकतो कसा, ते बघायला थायोसायनेट काढलं, मोकळं फेरिक लोखंड भेटलं की लाल होणारं. फेरिक क्लोराईडच्या पातळ द्रावणात एक थेंब, रक्तासारखा लाल. फेरिऑक्झॅलेटच्या ताज्या द्रावणात तोच थेंब, हिरवं ते हिरवंच. लोखंड ऑक्झॅलेटने असं धरलंय की थायोसायनेटला शिरायला जागा नाही. त्यात आम्ल टाकलं की मात्र लाली येते, कारण हायड्रोजन आयन ऑक्झॅलेटला ओढून घेतात. प्रत्येक ऑक्झॅलेट दोन ऑक्सिजनने पकडतो, एक सुटला तरी दुसरा धरून असतो. असे तीन मिळून सहा जागा भरतात, तीन पात्यांच्या पंख्यासारखे. डावे आणि उजवे असे दोन्ही पंखे आपल्या भांड्यात निम्मे-निम्मे असतात. तरी सगळं श्रेय दुहेरी पकडीला देणं मला पटत नाही. अमोनिया वायू आहे, निसटला की गेला. ऑक्झॅलेट जाणार कुठे?

हिरव्याचा शत्रू प्रकाश. निळा आणि अतिनील प्रकाश पडला की ऑक्झॅलेटकडून एक इलेक्ट्रॉन लोखंडाकडे जातो, लोखंड फेरस होतं आणि कार्बन डायऑक्साईड सुटतो. ढगाळ दिवसाच्या भरवशावर राहू नका, ढगांतूनही पुरेसा प्रकाश येतो. गॅलरीच्या खिडकीत ठेवलेल्या नमुन्यावर फेरस ऑक्झॅलेटची पिवळी पूड धरली. माझी भांडी आता कपाटात, काम लाल एलईडीखाली. प्रकाशाने बिघडणारं लोखंड हीच तर ब्लूप्रिंटची किल्ली: जॉन हर्शेलने 1842 मध्ये फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाईड वापरून निळी छपाई केली. फेरिऑक्झॅलेट लावलेल्या कागदावर पिंपळाचं पान ठेवून मीही केली. पान पांढरं, बाकी निळं, शिरा चक्क दिसतात.

साठवणीबद्दल एक. ओल शोषणारी निळी सिलिका जेल, म्हणजे कोबाल्टवाली, सध्या बघता बघता गुलाबी होते. क्लोराईडसोबतचा कोबाल्ट निळा, पाणी भोवती आलं की गुलाबी. हाताळताना हातमोजे घाला, आणि ती पुन्हा कोरडी करायला तापवताना स्वयंपाकाचं भांडं अजिबात नको. ऑक्झॅलेटही विषारीच आहे, घरात लहान मुलं असतील तर कुलूप लावा.

पुढचं काम तुरटीचं. तुरटीतून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईड काढून ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम ऑक्झॅलेटमध्ये विरघळवलं की हाच क्षार ॲल्युमिनियमचा मिळतो, पूर्ण बिनरंगी, कारण त्या आयनात डी-इलेक्ट्रॉनच (अशा क्षारांना बहुधा रंग देणारे) नाहीत. हिरव्या बीजावर त्याचा पारदर्शक थर चढवून बघायचाय. कुणी केलं असेल तर द्रावण किती संपृक्त ठेवलं तेवढं कळवा. पातळ असेल तर माझा हिरवा आतूनच विरघळायचा.