तिरकिटचे शंभर दिवस

१ मार्चला सुरू केलेल्या तबल्याच्या रियाजाच्या वहीला ८ जूनला शंभर दिवस झाले. नोंदी ९६ आहेत. जोतिबाच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलं होतं, त्यात तीन दिवस गेले; एक तापाने.

तोवर माझा रियाज रविवारचा होता. दोन-अडीच तास बसायचो, हात भरून यायचे आणि भरपूर वाजवल्याचं समाधान व्हायचं. सोमवार ते शनिवार तबल्यावर कापड. मग पुढच्या रविवारी पहिला पाऊण तास मागच्या रविवारी होतो तिथे पोचण्यातच जायचा. अशी तीन वर्षं गेली. आम्ही कोल्हापुरात गंगावेशीजवळ राहतो, पहाटे तालमीतली पोरं मेहनतीला जाताना दिसतात. गल्लीतले एक जुने वस्ताद फेब्रुवारीत बोलता बोलता म्हणाले, "आठवड्याच्या बैठका एका दिवशी काढल्या तर पाय ऱ्हातील का रं जाग्यावर?" ते तालमीतल्या एका पोराबद्दल बोलत होते, पण मी घरी येऊन वही आखली. रोज पहाटे २५ मिनिटं, एकच कायदा (ठरावीक बोलांची रचना):

धाधा तिरकिट धाधा तूना । ताता तिरकिट धाधा धीना

यातल्या तिरकिटनेच मला अडवलं होतं. बाकीचे बोल अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे, आणि मध्येच एका मात्रेत चार अक्षरं. आमच्या सरांच्या निकासात, म्हणजे बोल काढायच्या पद्धतीत, ति मधल्या बोटांनी, र तर्जनीने, कि डाव्या हाताने डग्ग्यावर, ट पुन्हा मधल्या बोटांनी. लय ६०, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा, धरली तर चार अक्षरांना एक सेकंद. तोंडाने म्हणायला सोपं आहे, हाताला नाही.

पहिले २० दिवस मजेत गेले. ६० वरून ६८, मग ७६, आणि २२व्या दिवशी वहीत ८० लिहिलं. त्या आठवड्यात सरांकडे गेलो आणि उत्साहाने वाजवून दाखवलं. सरांनी दोनच आवर्तनं, म्हणजे कायद्याच्या दोनच पूर्ण फेऱ्या, ऐकल्या. "ट कुठाय?"

मला तो ऐकू येत होता, असं मला वाटत होतं. घरी येऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि तेच अर्ध्या लयीत ऐकलं. ति, र, कि, आणि पुढच्या धाच्या आधी नुसती हवा. बोट शाईवर, तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावर, टेकत होतं, वाजत नव्हतं. याला कारण होतं ते माझ्या सोयीचं: पहाटे शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी तबल्यावर पातळ नॅपकिन टाकून वाजवत होतो. कापडाखाली सगळेच बोल दबके येतात, त्यात मेलेला ट सहज लपतो. म्हणजे तीन आठवडे मी रोज न चुकता एक चूक हाताला शिकवत होतो. रोजचा रियाज काय पक्कं करायचं ते निवडत नाही, हे तेव्हा नीट कळलं. रविवारच्या रियाजात ती चूक एवढी घट्ट बसलीच नसती.

नॅपकिन काढला. खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारायला गेलो, तर म्हणाल्या, "वाजवा की, मी चारलाच उठलेली असतीया." लय ८० वरून थेट ४८. ४८ ला वाजवणं हे ८० पेक्षा अवघड आहे, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. दोन अक्षरांमधली रिकामी जागा धरून ठेवावी लागते. २५ पैकी ५ मिनिटं पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, हाताने टाळी देत. १० मिनिटं फक्त तिरकिट, ट वर कान ठेवून. उरलेल्या १० मध्ये कायदा, भरी-खाली (डग्ग्याच्या घुमाऱ्यासह आणि त्याशिवायचे भाग) सांभाळून. पलटे (बोलांचे फेरबदल) नाहीत, तिहाई (तीनदा वाजवून केलेला शेवट) नाही. २४ ते ५० या दिवसांच्या नोंदी वाचल्या तर कंटाळा येईल, बहुतेक ओळी "४८, ट बरा" अशाच आहेत.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा आढळली. आदल्या दिवशी न बसलेली जागा दुसऱ्या सकाळी पहिल्या पाच मिनिटांत बसायची, मध्ये काहीही न करता. हालचाल शिकताना झोपेत मेंदू ती पक्की करत असतो, असं शास्त्रही सांगतं. रविवारच्या रियाजाला आठवड्यात अशी एकच रात्र मिळायची, आता सात मिळतात.

देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेवरून जाताना या दिवसांत कोल्हापूर दरबारचे गवई उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची आठवण यायची. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला होता. जो परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी घडवली. एवढ्या मोठ्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं, तर मला ८० वरून ४८ ला यायला जड का वाटावं?

५१व्या दिवसापासून आठवड्याला ४ याप्रमाणे लय वाढवतोय, तीही रेकॉर्डिंगमध्ये सलग आठ आवर्तनांत प्रत्येक ट ऐकू आला तरच. दोन आठवडे तसेच थांबून गेले. शंभराव्या दिवशी ६८. मार्चमध्ये हाच आकडा मी नवव्या दिवशी लिहिला होता, तेव्हाचं रेकॉर्डिंग असतं तर दोन्ही शेजारी लावून ऐकवलं असतं.

आता पाऊस लागलाय. दमट हवेने पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते, काळी एकच्या सुराला लावलेला तबला सकाळी उतरलेला असतो. पहिली पाच मिनिटं गट्ठे (पुडी ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकण्यात जातात, म्हणून गजर पाच मिनिटं अलीकडे घेतलाय. उद्या ६८ च.