आमची वाटचाल: अर्ध्या मिलिमीटरचा धंदा

लाकूड कापायच्या कटरचं (चेनसॉचं) कॉम्प्रेशन वाढवून, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायू आत-बाहेर जायची भोकं) मोठे करून ताकद वाढवून देणारं दुकान चिपळुणात बरीच वर्षं आमचं एकट्याचंच होतं. आता समोरच दुसरं आहे. त्याचं नाव इथे घेणार नाही, काम मात्र सांगणार आहे.

सुरुवात रिकंडिशनने झाली. धरलेला (घासून अडकलेला) पिस्टन काढा, ब्लॉकला (सिलिंडरला) चिकटलेलं ॲल्युमिनियम ॲसिडने उतरवा, नवा पिस्टन घाला, पैसे घ्या. जास्तीच्या ताकदीचा नाद लावला तो दसपटीतल्या एका काकांनी. मशीन ७१ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३६ मिमी. वाळलेल्या ऐनात २० इंची बार (चेन फिरते ती पट्टी) पुरता बुडाला की ते दमून बसायचं. काकांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बिघडलं तर माझं. करून बघा." एवढा भरवसा टाकणारं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

पहिलं काम बुडाच्या पॅकिंगचं, म्हणजे ब्लॉक आणि क्रँककेसमधल्या पातळ गॅस्केटचं. आधी पिस्टन वर आल्यावर माथ्याशी किती फट उरते ते मोजायचं. दीड मिमीची मऊ सोल्डर वायर प्लगच्या भोकातून भिंतीला टेकेपर्यंत घालायची, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, दोन्ही बाजूंनी, आणि मशीन फिरवून चेपायची. दुसरीकडे घातली तर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. काकांच्या मशीनला चेपलेली सोल्डर १ मिमी निघाली. पॅकिंग अर्ध्या मिमीचं. ते काढलं की अर्धा मिमी उरतो, त्याच्या खाली जायचं नाही. मिनिटाला १३,००० फेऱ्यांना रॉड ताणतो आणि पिस्टन वर टेकतो. पॅकिंगच्या जागी पेट्रोल सोसणारा सीलंट, अगदी पातळ हात. जाड थापलात तर तो आत पिळून बेअरिंगमध्ये जातो. ५० च्या बोअरला अर्धा मिमी म्हणजे चेंबरमधला जवळपास १ सीसी. वाढतं कॉम्प्रेशन ते एवढ्यानेच.

पण पॅकिंग काढल्यावर अख्खा ब्लॉक खाली बसतो, हे लोक विसरतात. एक्झॉस्ट (धूर बाहेर जायचा पोर्ट) क्रँकच्या फेरीत पावणेदोन अंश उशिरा उघडतो, ट्रान्स्फरही (खालचं ताजं मिश्रण वर न्यायचा पोर्ट) उशिरा, इनटेक (मिश्रण आत यायचा पोर्ट) उलटा लवकर. नुसतं पॅकिंग काढून दिलं तर मशीन खालच्या फेऱ्यांना झकास ओढतं आणि वर गेलं की गुदमरतं. म्हणून मॅग्नेटवर (क्रँकवरच्या चाकावर) अंशांची चकती लावून एक्झॉस्टचं छत थोडंथोडं घासायचं, टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेनंतर) १०० ते १०२ अंशांवर उघडेल असं. ट्रान्स्फर १२० च्या आसपास. मधलं अंतर १८ अंशांच्या आत आलं तर जळका धूर ट्रान्स्फरमध्ये शिरतो.

एक्झॉस्टची रुंदी ३३ मिमीच्या पुढे आम्ही नेली नाही. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगते आणि काठाला अडकून तुटते. रिंगची तोंडं पोर्टवर येत नाहीत ना, हे मार्करने खूण करून आधीच बघायचं. बर (घासायचं फिरतं टोक) बोअरकडून पोर्टच्या आत कापत गेला पाहिजे. उलटा फिरला की निकासिलचा (ब्लॉकच्या आतल्या कडक मुलाम्याचा) टवका उडतो आणि ब्लॉक भंगारात. शेवटी काठांना गोलाई, बोटाला धार लागता कामा नये.

सायलेन्सरचं तोंड पोर्टच्या क्षेत्राच्या पाऊणपट पुरे. ठिणगीची जाळी काढू नका, एप्रिलमधल्या गवताला एक ठिणगी पुरते.

मोटारसायकलचा गेज लावून "कॉम्प्रेशन ११० च आलं" म्हणत येणारेही खूप. कटरच्या एवढ्याशा ब्लॉकला गेजचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशीच हवा. तो घड्याळापाशी असला तर नळीतली जागाही चेंबरमध्ये धरली जाते आणि आकडा खाली येतो. बरोबर गेजवर काकांचं मशीन १५५ वरून १८५ पीएसआयला गेलं. २०० च्या वर नेत नाही. दोरी हात उपटते आणि साध्या पेट्रोलवर ठोका येतो (मिश्रण आपोआप पेटतं).

मधली वर्षं कामात गेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनकडच्या बागा झोपल्या, तेव्हा रात्री दोनपर्यंत टेबल चालू होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, लेथची मोटर आणि गेज गाळात गेले. पुरात सगळेच बुडाले होते, त्यामुळे उधारी सगळ्यांनाच मिळाली. २०२३ च्या पावसाळ्यात मात्र बुडत होतो ते आम्ही एकटेच.

महिनाभरात आमच्या हातची सात मशिनं धरली. समोरच्याने लगेच गावभर केलं, "पोर्ट उघडलेलं मशीन पावसाळा काढत नाही." हा मुलगा दोन वर्षं आमच्याच टेबलावर शिकलेला. त्याचं पॉवरचं काम म्हणजे पॅकिंग फेकायचं, सोल्डर घालायचीच नाही, सायलेन्सरला दोन भोकं पाडायची. आवाज वाढतो, गिऱ्हाईक खूश.

सातही पिस्टन ओळीने मांडले. ओरखडे नुसत्या एक्झॉस्टच्या बाजूला असले तर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), इनटेकच्या बाजूला असले तर फिल्टरमधून धूळ, सगळीकडून असले तर तेलच मिळालेलं नाही. पाच पिस्टन सगळीकडून घासलेले. त्यांच्या कॅनमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं, सकाळी तळाला वेगळा थर. पेट्रोलमधलं इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढतं आणि पाण्यासकट खाली बसतं; वंगणासाठी पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतला फिल्टर तळाशी लोळतो, तो उचलतो ते बिनतेलाचं पाणी. गिऱ्हाइकांना बाटली दाखवली. दोघांना पटलं, तिघांना नाही.

उरलेली दोन मशिनं आमची चूक. एच स्क्रू (फुल रेसला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) उन्हाळ्यात अगदी काठावर लावलेला. इथेनॉलचं प्रमाण वाढलं की तोच स्क्रू पातळ पडतो, हे डोक्यात यायला हवं होतं. त्या दोघांना ब्लॉक फुकट दिले, पाचांना निम्म्या खर्चात. वर्षाची कमाई त्यात गेली. काकांचं मशीन सातांत नव्हतं. ते संध्याकाळी टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवतात. लोक हसायचे त्यांना.

आता मशिनाबरोबर कॅनही तपासतो. मापाच्या नळीत ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवून ठेवायचं. पाण्याची रेघ २८ च्या आसपास गेली तर इथेनॉल २० टक्के. एच स्क्रू असा उघडायचा की फुल रेसला मशीन जरा फडफडेल आणि लाकडात घातल्यावर फडफड जाईल. पावसाळ्यात आठवड्यापुरतंच पेट्रोल मिसळा, जुनं कटरात घालू नका.

ताकद वाढवायला येणाऱ्यांतल्या निम्म्यांना ताकद नकोच असते. चेनचे दात बोथट, रेकर (दातापुढचे खुंट, दात किती खोल कापेल ते ठरवणारे) कधी घासलेलेच नाहीत. रेकर दातापेक्षा ०.६५ मिमी खाली आणा, मग या. चेन लावूनच मशीन आणा, आधी तीच बघणार.

समोरच्याकडची मशिनंही आताशा आमच्याकडे येतात. परवाच्या एकात सोल्डर घातली, ०.२ मिमी निघाली. पॅकिंग परत घालून दिलं. पैसे फक्त पॅकिंगचे घेतले.