रिकाम्या जागेकडे धावणारा लिनेकर

रविवार, रात्र

मेक्सिकोतल्या मॉन्टेरेचा सामना आज पुन्हा पहिल्यापासून पाहिला. 11 जून 1986, इंग्लंड विरुद्ध पोलंड. त्याआधी पोर्तुगालकडून 0-1 हार, मोरोक्कोशी 0-0 बरोबरी; वर्ल्डकपचे दोन सामने संपले तरी इंग्लंडच्या नावावर एकही गोल नाही. आणि मग इंग्लंडचा स्ट्रायकर गॅरी लिनेकर याचे पहिल्या 35 मिनिटांत तीन गोल, तेही डाव्या हाताला बँडेज बांधलेलं असताना.

तिन्ही गोल अगदी गोलच्या तोंडाशी. वरवर बघणारा म्हणतो, त्यात काय, चेंडू पुढ्यात आला आणि ढकलला. म्हणून चेंडूवरची नजर काढून फक्त लिनेकरवर ठेवायची. क्रॉस, म्हणजे बाजूच्या पट्ट्यावरून गोलसमोर मारलेला चेंडू, यायच्या बेतात असला की अशा जातीचा स्ट्रायकर आधी उलट सरकतो, दोन पावलं गोलच्या दूरच्या खांबाकडे, बचावपटूच्या पाठीमागे. बचावपटूला चेंडू आणि माणूस दोन्ही एकाच वेळी दिसू शकत नाहीत, त्याला मान वळवावी लागते. ती वळली आणि क्रॉस मारणाऱ्याने पाय मागे घेतला, की तेवढ्यात बचावपटूच्या पुढून जवळच्या खांबाकडे झेप. पाऊलभर लवकर निघालं तर चेंडूच्या आधी पोचून थांबावं लागतं, आणि थांबलेल्या माणसाला अडवणं सोपं. किंचित उशीर झाला तर बचावपटू पुढे घुसतो आणि हाती फक्त कॉर्नर लागतो. चेंडू नक्की येतोय हे दिसल्यावर निघणारा उशिराच पोचतो, म्हणून ही धाव अंदाजावरच घ्यावी लागते. बहुतेक धावा फुकट जातात. चेंडू दुसरीकडे जातो, क्रॉस अडतो, टीव्हीवर ती धाव दिसतही नाही. लिनेकरला मोठा मानायचं ते यासाठी की आठ धावा वाया गेल्यावर नववी तो तेवढ्याच वेगाने घ्यायचा.

त्या दिवशी आघाडीतला जोडीदार पीटर बिअर्डस्लीचाही वाटा मोठा होता. मार्क हेटलीच्या जागी तो आला. हेटली उंच, तो बॉक्समध्येच उभा राहायचा. बिअर्डस्ली खाली उतरून चेंडू घ्यायचा, त्याच्यामागे बचावपटू ओढला जायचा आणि लिनेकरला पळायला जागा मोकळी व्हायची. त्या स्पर्धेत सहा गोल करून लिनेकरने सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला.

बार्सिलोनात पहिल्याच मोसमात, 31 जानेवारी 1987ला, रेआल माद्रिदविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, सामना 3-2. पुढे योहान क्रॉइफ प्रशिक्षक झाले आणि त्यांनी त्याला उजव्या पट्ट्यावर पाठवलं. क्रॉइफ यांच्या बुद्धीबद्दल कितीही आदर असला तरी हा निर्णय पटत नाही. जो क्रॉसवर पोचण्यात सर्वात तरबेज, त्यालाच क्रॉस मारायला बाहेर उभं केलं.

पेनल्टीबद्दलही लिहून ठेवतो. 1990च्या वर्ल्डकपमध्ये नेपल्सला कॅमेरूनविरुद्ध इंग्लंड 1-2 मागे असताना त्याने एक पेनल्टी मारली, जादा वेळेत दुसरी. सामना 3-2. दुसरी सरळ मधून, जोरात, कारण गोलरक्षक एका बाजूला झेपावणार हे गृहीत धरलं होतं. मे 1992मध्ये वेम्बलीवर ब्राझीलविरुद्ध मात्र त्याने चेंडू हलकेच उचलून मारायचं ठरवलं. असा फटका गोलरक्षक पूर्ण झेपावला तरच चालतो, आणि चेंडूखाली पाय नेमका जावा लागतो. फटका फुसका निघाला, गोलरक्षकाने तो आरामात धरला. तो गोल झाला असता तर बॉबी चार्लटन यांच्या इंग्लंडसाठीच्या 49 गोलांच्या विक्रमाशी बरोबरी झाली असती. इंग्लंडकडून 80 सामन्यांत 48 गोलांवर तो थांबला, त्यातले दहा वर्ल्डकपचे. सबंध कारकिर्दीत पिवळं कार्डसुद्धा नाही.

जपानमध्ये नागोया क्लबकडून खेळताना पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याने तो संपत गेला. मग टेलिव्हिजन. 1999मध्ये निवेदक डेस लायनम आयटीव्ही वाहिनीकडे गेले आणि बीबीसीवरचा 'मॅच ऑफ द डे', दिवसभरातल्या सामन्यांची क्षणचित्रं दाखवणारा कार्यक्रम, लिनेकरकडे आला. तो 2025च्या मे महिन्यापर्यंत.

इंग्लंडचे माजी स्ट्रायकर अ‍ॅलन शिअरर आणि इयन राइट हेही गोलांचे राजे, पण ते स्टुडिओत बसले ते तज्ज्ञ म्हणून, उत्तरं द्यायला. निवेदकाचं काम वेगळं आणि जास्त अवघड. कानात कंट्रोल रूमचा आवाज चालू असतो: पुढची क्लिप तयार आहे, बोलणं आवरा, दहा, नऊ, आठ. समोर तज्ज्ञ बोलत असतो आणि त्याचं वाक्य खरोखर ऐकावं लागतं, नाहीतर पुढचा प्रश्न जोडून येत नाही. आकडा शून्यावर यायला आणि शेवटचा शब्द संपायला एकच गाठ पडावी लागते. लवकर संपलं तर पडद्यावर अवघडलेली शांतता, उशीर झाला तर चित्र सुरू होऊन आवाज मागे रेंगाळतो. नवखा माजी खेळाडू बहुधा एका ठिकाणी चुकतो: स्वतःला उत्तर माहीत असल्याने ते प्रश्नातच सांगून टाकतो, मग समोरच्याला "बरोबर" म्हणण्याखेरीज काही उरत नाही. लिनेकरने आपलं उत्तर गिळायला शिकून घेतलं. प्रश्न छोटा, आणि चेंडू शिअररच्या पायात. दिवसभर सगळे सामने पाहून जमवलेल्यातलं रात्री दोन-चार वाक्यांपुरतंच वापरलं जातं, बाकीचं फुकट. त्या धावांसारखंच.

मार्च 2023मध्ये ब्रिटिश सरकारच्या आश्रय मागणाऱ्यांविषयीच्या धोरणावर त्याने ट्वीट केलं आणि बीबीसीने त्याला बाजूला ठेवलं. शिअरर आणि राइटनेही यायला नकार दिला, समालोचकही आले नाहीत. त्या शनिवारी कार्यक्रम सुमारे 20 मिनिटांत आटोपला. गोल सगळे दाखवले गेले. एका सामन्याचं चित्र संपायचं आणि दुसऱ्याचं सुरू व्हायचं, मधे कोणीच काही बोलत नव्हतं.