झाकण कुठंय झाकण?

बोलण्याचं गाणं करून देणं हे माझं काम. ‘रसोडे में कौन था’सारखं काहीतरी करून द्या, म्हणत गिऱ्हाईक आलं की मी आधी मूळ फाइल मागतो. या मसालेवाल्यांनी पाठवली ती व्हॉट्सॲपवर फिरून आलेली. आवाज चेपलेला, फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो हलता. एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकली की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. दोनदा मागितल्यावर कॅमेऱ्यातली मिळाली. जाहिरातीचा शॉट संपलाय आणि एक मावशी वैतागून विचारतायत, ‘झाकण कुठंय झाकण?’ बस, एवढंच.

वाक्य सोनं होतं. झ, क, ठ तोंडातून ठोक्यासारखे फुटतात, म्हणून तालावर नेमके बसतात. म, ल हळूच उगवतात. ते बसवताना कान दुखतात. टेम्पो १०० ठेवला, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा. मात्रा ०.६ सेकंदाची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत बरोबर १५ फ्रेम. १२० घेतला की मात्रा साडेबारा फ्रेमची होते आणि अर्ध्या फ्रेमवर कट मारता येत नाही. वाक्य लांबवायचं तर शब्दांमधली शांतता लांबवायची. अक्षर फार ताणलं की स्वर रबरासारखा लागतो. ‘कुठंय’ शेवटी वर चढत होतं. सूर दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनने ते सपाट केलं की प्रश्नच मरतो, म्हणून तेवढं टोक तसंच सोडलं. आधी बोलण्यातले सूर शोधायचे, मग खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, लावायचे. बरेच जण उलटं करतात, आणि ते ऐकू येतं.

यशराज मुखातेच्या ऑगस्ट २०२० मधल्या ‘रसोडे में कौन था’तले कुकर आणि चणे सगळ्यांना आठवतात. मला त्यातला प्रश्न आठवतो. ‘साथ निभाना साथिया’ मालिकेतला तो प्रसंग तेव्हा जुनापुराणा झाला होता, पण ‘कौन था’च्या पुढे कुणालाही उभं करता येत होतं: नेता, नवरा, ऑफिसातला साहेब. त्यात जूनअखेर टिकटॉकवर बंदी आलेली, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झालेलं. दुसऱ्याच्या आवाजावर तोंड हलवायला सरावलेली मंडळी मोकळीच होती.

म्हणून ‘झाकण’नंतर मी चार मात्रा रिकाम्या ठेवल्या. नुसती ढोलकी. तिथे ज्याने त्याने आपलं उत्तर घालावं: कुकरचं, पेनाचं, गटाराचं. गिऱ्हाइकाला ती जागा ‘वाया गेलेली’ वाटली. त्यांनी तिथे निवेदकाच्या घशातून मसाल्याचं नाव काढलं, वर लोगो फिरवला. २.४ सेकंद भरले. व्हिडिओ लोकांनी पाहिला, हसलेही. आवाज मात्र आपल्या रीलसाठी कुणी उचलला नाही. उचलणार कसा? गटाराच्या झाकणावर विनोद करायचा आणि उत्तरात कांदा-लसूण मसाला!

मोकळी आवृत्ती अजून माझ्याकडे पडून आहे. ती टाकून बघू या का, असं परवा विचारलं. मसालेवाल्या साहेबांनी पूर्ण ऐकली, पुन्हा एकदा ऐकली आणि म्हणाले, ‘नाव कुठंय नाव?’

अगदी मावशींच्या चालीत. शंभरच्या टेम्पोवर बसलं असतं.